मिठाला पडलेली चीर

मीठ बेंबीपर्यंत आलं तेव्हा मला ती चीर दिसली.

स्वामी निर्विशेषानंदांना खड्ड्यात मांडी घालून बसवलं होतं, पाठ दगडी भिंतीला, तोंड उत्तरेला. मी त्यांच्या समोर त्याच मिठात पोटरीपर्यंत रुतलेला, हातात लाकडी धुम्मस. वरून घमेलं यायचं, मी मीठ पसरायचो, धुम्मस आपटून दाबायचो, की पुढचं घमेलं. सकाळपासून तेच चाललं होतं. डोक्यावर माघातलं ऊन, चारी बाजूंनी भगव्या कापडाची कनात, आणि त्या कापडातून झिरपून सगळ्या मिठावर पसरलेला तांबूस उजेड. स्वामींच्या पोटाला आणि मिठाला जिथे शिवण होती तिथे सुताएवढी चीर उघडली. मग बुजली.

मी धुम्मस थांबवलं. चीर पुन्हा उघडली.

"महाराज," मी वर बघून म्हणालो, "पोट हलतंय."

खड्ड्याच्या काठावर चिद्रूपानंद उभे होते, स्वामींचे पट्टशिष्य. हातात शंख. मीठ गळ्यापर्यंत आलं की त्या शंखाने स्वामींची टाळू फोडायची होती. संन्याशाचा प्राण तिथून जावा लागतो, अशी त्यांची रीत. त्यांनी खाली बघितलंही नाही.

"मीठ बसतंय ते. तू तुझं काम कर."

"मीठ बसतं तेव्हा खाली जातं, महाराज. वर येत नाही."

मी माती, मुरूम, वाळू, चुना दाबण्यात हयात घालवलेला वडार. भराव कधी आणि कसा बसतो हे मला मठातल्या माणसाने सांगायची गरज नव्हती. पण तेव्हा इतकं बोललो तेच खूप होतं.

हे कसं घडलं ते आधी सांगतो. निंबगुड्डीचा मठ म्हणजे भीमेच्या काठी, अर्ध्या कानडी अर्ध्या मराठी मुलखात, माळावर एकटा पडलेला. अद्वैताचा मठ. दारावरच कोरलेलं होतं, जीव आणि ब्रह्म दोन नाहीत. ती अक्षरं माझ्या चुलत्यानेच कोरलेली. वाचता येत नसताना कोरलेली. दार बसवून झाल्यावर त्याला त्या दारातून आत जाऊ दिलं नाही, ती गोष्ट वेगळी.

स्वामींनी पंधरा दिवस आधी तिथी सांगितली होती. माघ वद्य द्वादशीला देह ठेवणार. अन्न सोडलं, नुसत्या पाण्यावर राहिले. द्वादशीच्या पहाटे पाण्यालाही तोंड उघडेना, श्वास दिसेना. नाकाशी आरसा धरला, त्यावर धुकं आलं नाही. झालं. डॉक्टर आणायचा विचार कुणाच्या मनात आला नाही. तिथी सांगितली होती, तिथी आली होती, आणि स्वामी चुकत नसत. एखाद्याने आपल्या मरणाची वेळ सांगितली आणि त्या वेळेला तो गप्प बसला, तर त्याला मेलेलाच समजणारी माणसं मी मठाबाहेर कुठे पाहिली नाहीत.

खड्डा मी आधीच खणला होता. तीन दिवस काळा दगड फोडत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वर सावली पडली. बघतो तर स्वामी शिडीवरून स्वतः उतरत होते. पाय कापत नव्हते.

"बसून बघतो," म्हणाले. "गुडघे लागतात का ते."

"लागले तर चार बोटं आणखी काढतो."

ते मांडी घालून बसले. गुडघे लागत नव्हते. मी पलीकडच्या भिंतीला चिकटून उभा राहिलो.

"इतका लांब का उभा राहतोस?"

"तुमचीच माणसं सांगतात तसं."

"मी नाही सांगितलं कधी."

"'असं सांगू नका' असंही तुम्ही त्यांना नाही सांगितलं कधी," मी म्हणालो. मरायला निघालेल्या माणसाला काय घाबरायचं.

स्वामींनी खालची एक दगडाची कपची उचलून फिरवली. मग म्हणाले, "खरं आहे. ते राहून गेलं."

मग त्यांनी विचारलं, "मुलंबाळं?"

"एक होती. गंगी. सहा वर्षांची. मागल्या वर्षी खाणीत सुरुंगाखाली गेली."

"वात कोणी लावली?"

"सिद्रामने. ठेकेदाराचा सुरुंगवाला. दोन वर्षांची सजा झालीय त्याला."

स्वामींनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच. त्याआधी ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते दगडाकडे.

"बरं," एवढंच म्हणाले, आणि शिडीने वर गेले. मला खड्ड्यात एकाएकी थंडी वाजली. मी काढून ठेवलेली बंडी पुन्हा घातली आणि घाम यावा म्हणून पहार मारत राहिलो. घाम आलाच नाही.

आता पुन्हा त्या दुपारी.

कनातीच्या आत आम्ही चौघे. खड्ड्यात मी आणि स्वामी. काठावर चिद्रूपानंद, आणि पलीकडच्या काठावर वेंकण्णाचार्य कट्टी. हे स्वामींचे धाकटे भाऊ, त्याच दिवशी सकाळी एसटीने आलेले. कपाळावर काळी उभी रेघ, दंडांवर गोपीचंदनाच्या मुद्रा. कट्टींचं घराणं द्वैतमताचं. देव वेगळा, जीव वेगळा, जीवाजीवांतही भेद, आणि तो भेद मोक्षातसुद्धा मिटत नाही, अशी त्यांची शिकवण. त्या घरातला थोरला मुलगा अद्वैताच्या मठात जाऊन संन्यासी झाला. तीस वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही.

सकाळी कडुनिंबाखाली मी पहारीला धार लावत होतो तेव्हा आचार्य येऊन उभे राहिले होते. मी पाणी मागितलं, त्यांनी तांब्या न टेकवता माझ्या ओंजळीत वरून ओतलं.

"खड्डा तू खणलास?"

"हो."

"अण्णाच्या मताने तू आणि अण्णा एकच. माझ्या मताने तू तू, मी मी, आणि हे कधी मिटायचं नाही. राग येतो का ऐकून?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही मला पाणी वरून ओतलंत ते तुमच्या मताला धरून आहे. या मठाचं मत एक आणि ओतणं तुमच्यासारखंच."

आचार्य हसले. दात पानाने लाल. माणूस खडूस होता, पण खोटा वाटला नाही मला.

कनातीच्या बाहेर माझी बायको नरसव्वा; तिला आमची बोली आणि थोडी कानडी, एवढंच कळायचं. ती मीठ भरून घमेलं कापडाखालून आत सरकवायची, मी हात वर करून घ्यायचो. कच्च्या मिठाला विटाळ नसतो, असं शास्त्र. विटाळ असतो तो माणसाला. म्हणून स्वामींभोवती मिठात दर्भाचं कडं अंथरलं होतं. त्या कड्याच्या आत माझं धुम्मस, माझा हात, माझी सावलीसुद्धा जायची नाही. थर चढला की चिद्रूपानंद वरून काठीने दर्भ उचलून नव्या थरावर ठेवायचे. कड्याच्या आतलं मीठ ते लांब दांड्याच्या पळीने स्वतः लोटायचे. लांबवर, मठाच्या पटांगणात, टाळ वाजत होते. त्या आवाजात कनातीच्या आतलं कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. कनातीला टेकून बसलेल्या एकीखेरीज.

"काय म्हणतोय तो?" आचार्यांनी पलीकडून विचारलं.

"काही नाही," चिद्रूपानंद म्हणाले.

"पोट हलतंय म्हणतोय. मी ऐकलं की. हात लावून बघा."

"पूजा झालेली आहे. आता टाळू फुटेपर्यंत या देहाला कुणाचा स्पर्श नाही. माझाही नाही."

"मग मी बघतो. माझा भाऊ आहे."

"तुमचा भाऊ नाही. त्यांनी संन्यास घेताना स्वतःचं श्राद्ध स्वतः केलं. तुमचा भाऊ तीस वर्षांपूर्वी वारला, आचार्य. पूर्वाश्रमाचा स्पर्श तर मुळीच चालत नाही."

"श्राद्ध झालेला माणूस श्वास घेतोय, त्याचं काय ते सांगा."

"श्वास कुणाचा? घेतो कोण? देह आला, गेला. आत्म्याला काय झालं? ते कधी जन्मले नाहीत, मरणार कुठून?"

"म्हणजे जिवंत असले तरी पुरायला हरकत नाही, असंच ना? चांगलं मत आहे. एक सांगा, तुमच्या मते मीठही ब्रह्मच. मग साखर का नाही घालत? लोकांना प्रसाद तरी होईल."

"व्यवहारात भेद आहे," चिद्रूपानंद शांतपणे म्हणाले. "परमार्थात नाही."

हे दोन शब्द मी त्या मठात जन्मभर ऐकले. परमार्थात सगळे एक. व्यवहारात तिम्मा, तू बाहेर बस. परमार्थ कधी पायरी उतरून आमच्या वस्तीत आला नाही, आणि व्यवहार एक दिवस चुकला नाही.

ते दोघे माझ्या डोक्यावरून भांडत होते. मी चिरेकडे बघत होतो. आणि मग मला काहीतरी जाणवलं ते सांगतो. चीर बुजली की माझा श्वास थांबायचा. उघडली की सुरू व्हायचा. मी मुद्दाम दम रोखून बघितला. चीर बुजलेलीच राहिली. माझ्या छातीत दुखायला लागलं तोवर बुजलेलीच. मी श्वास सोडला आणि ती उघडली.

मी घाबरट माणूस नाही. सुरुंगाच्या गावात वाढलोय. पण तेव्हा घाबरलो, आणि ज्याला घाबरलो ते थांबवायला मी सगळ्यात साधी गोष्ट केली. दर्भाच्या कड्यावरून हात पुढे घातला आणि स्वामींच्या गळ्याला दोन बोटं लावली.

गळा गरम होता. आत शीर उडत होती, माझ्या शिरेच्या ठेक्यावर.

"अरे," चिद्रूपानंद वरून ओरडले. एवढा एकच शब्द. कारण त्याच क्षणाला स्वामींनी डोळे उघडले.

ती नजर स्वामींची नव्हती. पापण्या त्यांच्या, पांढऱ्या भुवया त्यांच्या, पण आतून जो बघत होता तो माझ्या ओळखीचा होता. रोज सकाळी तोंड धुताना बादलीतल्या पाण्यात जो दिसतो, तो. स्वामी खोकले. खाणीतल्या धुळीचा खोकला, आधी दोनदा कोरडा आणि मग खालून ओढून आणल्यासारखा एक. तो खोकला माझा आहे. वस्तीत लोक अंधारात त्या खोकल्यावरून मला ओळखायचे.

आचार्य काठावर गुडघे टेकून बसले. "अण्णा. अण्णा, मी वेंकण्णा."

डोळे त्यांच्याकडे गेले नाहीत.

चिद्रूपानंदांनी हात जोडले आणि संस्कृतात विचारलं, "भगवन्, को भवान्?" आपण कोण, असं. त्यांना वाटलं असावं, आता एखादं महावाक्य येईल.

स्वामी बोलले. आमच्या वडारी बोलीत. ती बोली मठात कुणाला येत नव्हती, स्वामींनाही येत नव्हती.

"मी तिम्मा," ते म्हणाले. "तिम्मा अलकुंटे. नरसव्वाचा नवरा."

दोघांना नावं तेवढी कळली. चिद्रूपानंदांनी माझ्याकडे बघितलं. "ही कुठली भाषा?"

"आमची."

"गुरुदेव तुझं नाव का घेतात?"

स्वामी थांबले नव्हते. हळू, सपाट आवाजात, एखादा माणूस खूप दिवस पाठ केलेलं म्हणतो तसं, ते बोलत होते. आणि माझे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. मी दात आवळले तरी हलत होते.

"काय सांगतोय?" आचार्यांनी विचारलं.

"पाणी मागतोय," मी म्हणालो.

ते पाणी मागत नव्हते. ते म्हणत होते: सिद्राम विडी ओढायला गेला होता. भोकं भरून तयार होती. मला बाजाराला जायचं होतं, दिवस उतरत होता. मी म्हटलं, त्याची वाट कोण बघणार. वात मी लावली. शिट्टी फुंकायची असते तीनदा, ती मी फुंकली नाही, कारण शिट्टी सिद्रामच्या गळ्यात होती. ओरडलोही नाही. मला वाटलं माळावर कुणी नाही. गंगी भाकरी घेऊन येत होती. मी तिला बघितलं. वात निम्मी जळली होती तेव्हा बघितलं. हाक मारली असती तर ती माझ्याकडे धावत आली असती, सुरुंगाकडे. म्हणून हाक मारली नाही, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे माझा आवाजच फुटला नाही. नंतर सगळे धावत आले तेव्हा मी म्हणालो, सिद्रामने लावली. सिद्राम म्हणाला मी नव्हतो. कुणी ऐकलं नाही, कारण मी बाप होतो.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नरसव्वाला नाही, देवाला नाही. दारूत नाही, तापात नाही. त्या दिवशी तिथे दुसरं माणूस नव्हतं. हे जगात एकाच जागी होतं, माझ्या डोक्यात. आणि आता ते मिठात बसलेल्या एका म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या तोंडातून माझ्या आवाजात बाहेर येत होतं.

"ही वाणी गुरुदेवांची नाही," चिद्रूपानंद म्हणाले. तोंड राखेसारखं झालं होतं. "बाहेर शंभर माणसं आहेत. त्यांना वर काढलं आणि ते लोकांसमोर म्हणाले, मी वडार आहे, तर?"

"मग काय?" मी म्हणालो. माझा आवाज मला अनोळखी वाटला. "तुम्हीच सांगत होता ना, सगळे एक. हे बघा झाले एक. काढा वर."

"ते परमार्थात रे," ते जवळजवळ रडत म्हणाले. "असं नव्हे. असं नव्हे."

मी आचार्यांकडे बघितलं. हा माणूस सकाळपासून भावासाठी भांडत होता. हा तरी उतरेल.

आचार्य उभे राहिले होते. अंगावरचं उपरणं त्यांनी घट्ट लपेटून घेतलं होतं.

"हा अण्णा नाही," ते म्हणाले. "अण्णा सकाळीच गेला. रिकाम्या घरात दुसरं कोणीतरी शिरलंय. जीव जिवाची जागा घेऊ शकत नाही. त्याचा तो, याचा हा. हे जे बोलतंय ते माझं कोणी नाही."

"गळा गरम आहे, आचार्य. हात लावा."

"मला नको सांगूस."

पहिल्यांदाच त्या दोघांचं एकमत झालं. एक म्हणत होता सगळे एकच आहेत, दुसरा म्हणत होता कोणीच एक नाही, आणि दोघांनी मिळून ठरवलं की खड्ड्यातला माणूस वर यायचा नाही. मी पुढे तीस वर्षं, खड्ड्याचं नाव न घेता, या दोघांना शिव्या घातल्या. कीर्तनात उठून घातल्या, ग्रामसभेत घातल्या, पेपरात पत्रं पाठवून घातल्या. त्या सगळ्या खऱ्या होत्या. पण अर्ध्याच.

चिद्रूपानंदांनी शंख उचलला. ते खाली वाकले आणि शंख माझ्यासमोर धरला.

"तू," ते म्हणाले. "माझ्याने होत नाही. तू कर."

"माझा स्पर्श चालतो आता?"

ते डोळे मिटून शंख धरून राहिले.

शंख मी घेतला नाही. एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

स्वामी माझ्याकडे बघत होते. बोलणं संपलं होतं. मग चेहऱ्यावर काहीतरी सरकलं, पाण्याखाली मासा वळतो तसं, आणि डोळे पुन्हा त्यांचे झाले. म्हातारे, दमलेले. या वेळी ते मराठीत बोलले, त्यांच्या स्वतःच्या आवाजात, इतकं हळू की मी वाकलो म्हणून ऐकू आलं.

"तू सांगतोस तिला, की मी सांगू?"

बस. एवढंच. धमकी नव्हती त्यात. ओझं डोक्यावर घेतलेला माणूस दुसऱ्याला विचारतो ना, इथून पुढे तू घेतोस का, तसं विचारलं.

मी ओरडू शकलो असतो. टाळ थांबले असते, माणसं आली असती, स्वामी वर आले असते. आमच्या वस्तीतली चार पोरंसुद्धा कनात उपटून आत आली असती. ते मला तेव्हाच कळत होतं, आज सुचलेलं नाही. चिद्रूपानंदांचे डोळे मिटलेले. आचार्यांनी पाठ फिरवलेली. त्या जागी स्वामींना वाचवू शकणारं एकच माणूस होतं आणि ते मी होतो.

कनातीपलीकडून नरसव्वाचा आवाज आला, आमच्या बोलीत. "काय झालं? घमेलं का घेत नाहीस?"

"काही नाही," मी म्हणालो. "मीठ दे."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग घमेलं कापडाखालून सरकत आत आलं.

मी दर्भाचं कडं उचलून बाहेर फेकलं आणि मीठ कड्याच्या आत ओतलं. मग पुढचं घमेलं. छातीला लागलं तेव्हा स्वामींनी डोळे मिटून घेतले. ते धडपडले नाहीत. हात मांडीवर होते तसेच राहिले असावेत, मिठाखाली मला दिसत नव्हते. गळ्यापाशी पुन्हा चीर उघडली. मी त्यात मीठ लोटलं. हनुवटी. मग ओठ. माझ्या तोंडाला खारट चव आली, जिभेवर मीठ ठेवल्यासारखी, आणि नाक चोंदलं. मी तोंड उघडून श्वास घेऊ लागलो तरी आत काही जाईना. खड्ड्याच्या भिंती जवळ आल्या. मला एक क्षण खरंच कळलं नाही की मी मीठ ओततोय की माझ्यावर मीठ ओतलं जातंय. मी आंधळ्यासारखा हात चालवत राहिलो.

मग श्वास आला. एकदम, मोकळा. कुठलाही ठेका नसलेला.

खाली नुसतं सपाट पांढरं मीठ होतं. त्यावर माझ्या पायांचे ठसे.

मी वर आल्यावर चिद्रूपानंदांनी टाळूऐवजी मिठावर एक नारळ फोडला आणि शंख फुंकला. बाहेर जयजयकार झाला. शिळा मी आणि दोघा गड्यांनी पहारीने सरकवून बसवली. सांधे चुन्याने भरले. आचार्य सगळ्यांच्या आधी निघून गेले. फाट्यावर एसटीची वाट बघत उभे दिसले, पाठमोरे.

उतरत्या उन्हात मी आणि नरसव्वा नदीवर गेलो. तिच्या हातांना मिठाने भेगा पडल्या होत्या, ती पाण्यात हात धरून बसली. मी गळ्यापर्यंत पाण्यात शिरलो आणि लगेच बाहेर आलो. गळ्यापर्यंत काही नको वाटत होतं.

"आत कोण बोलत होतं?" तिने विचारलं.

उत्तर मी खड्ड्यातच तयार करून ठेवलं होतं. "ते दोघे भांडत होते. शास्त्राचं काहीतरी."

"ते नव्हे. आपल्या बोलीत."

"स्वामी जाताना काहीबाही..."

"स्वामी मेले होते पहाटे," ती म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं. "आवाज तुझा होता, तिम्मा. दोन हातांवर होते मी, मध्ये नुसतं कापड. तुझा खोकला मला ओळखू येत नाही होय? आधी नाव सांगितलंस स्वतःचं, मग माझं. मग वात. मग ती दिसली ते."

नदीचं पाणी अगदी संथ होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हैस धूत होतं, तिच्या पाठीवरचं पाणी चमकत होतं.

"मी घमेलं हातात धरून बसून राहिले," नरसव्वा म्हणाली. "मग तू मीठ मागितलंस. मी दिलं. मला वाटलं, बोलून मोकळा झालाय, आता काम करतोय. मेलेल्या माणसासमोर बोललास ते बरं केलंस. जिवंत माणसासमोर तुला हे जमलं नसतं."

ती उठली. हात पदराला पुसले. वस्तीची वाट उजवीकडे होती. ती डावीकडे वळली, गावाच्या टोकाला सिद्रामची आई राहायची तिकडे. मी हाक मारली नाही. या वेळी तिने वळून बघितलं असतं की नाही, मला माहीत नाही.

सिद्राम दोन महिन्यांनी सुटला. मला दीड वर्षाची सजा झाली. जेलात अक्षरं शिकलो, पुढचं माझं मी शिकलो. नरसव्वा मला भेटायला आली नाही आणि सुटल्यावर घरातून घालवलंही नाही. एका छपराखाली दोन चुली मांडून आम्ही म्हातारे झालो, आणि गेल्या श्रावणात ती गेली. ती असेपर्यंत मी हे लिहिलं नाही. कारण तिच्या लेखी मी त्या दिवशी एका मेलेल्या माणसाजवळ खरं बोललो होतो, आणि मला उरलेलं सगळं आयुष्य तेवढ्यावर ढकलायचं होतं.

कोर्टात मला गंगीचं विचारलं. मी सगळं सांगितलं, वातीपासून. मग जजसाहेबांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय? मी म्हणालो, हो. मठात एक जिवंत माणूस आहे. कोर्टात लोक हसले. साहेबही हसले, आणि म्हणाले, स्वामी अमर असतातच.